मिठाचा अंश आणि सर्किट बोर्डाची परीक्षा

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मिठागरांसाठी प्रसिद्ध आहे. १९३० च्या मे महिन्यात येथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहामुळे त्याचे नाव महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात नोंदले गेले. मिठाचा आणखीही एक इतिहास आहे. तो कारखान्यांच्या प्रयोगशाळांत घडला असला, तरी शिरोड्यासारख्या किनाऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येक विद्युत्-उपकरणाशी त्याचा संबंध पोचतो. सर्किट बोर्डाच्या जुळणीतील दोष शोधण्यासाठी कोणती पद्धत निवडावी, या प्रश्नाचा तो इतिहास होय.

शुद्ध सोडियम क्लोराइडाला, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे, पाणी सुटू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. ते तर सुमारे ३३ टक्क्यांनाच हवेतील ओल शोषून विरघळते. कोकणात मिठाची बरणी ओलावते ती याच कारणाने. बोर्डावर असा क्षारांश राहिला, की दमट हवेत तेथे पाण्याचा अदृश्य थर जमतो. मग विद्युत्-दाबाखाली तांबे, कथील वा चांदी यांचे सूक्ष्म तंतू एका पट्टीकडून दुसरीकडे वाढतात आणि अखेरीस शॉर्ट सर्किट होते. कारखान्यातून निर्दोष म्हणून निघालेला बोर्ड महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडतो, तो अशा वेळी.

हा दोष नेहमीच्या पद्धतींना का सापडत नाही, हे त्यांच्या इतिहासावरून ध्यानात येते. पॉल आयस्लर याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये मुद्रित सर्किटाची कल्पना सिद्ध केली. त्यानंतर दीर्घकाळ डोळा आणि भिंग हीच मुख्य साधने होती. सुटलेला डाख किंवा उलटा बसवलेला भाग त्यांना दिसे. पुढे बोर्डाखाली सुयांची गादी ठेवून प्रत्येक जोडाचे विद्युत्-मापन करणारी पद्धत आली. भाग लहान झाले, तेव्हा कॅमेऱ्याने डोळ्याची जागा घेतली. डाखाचे गोळे भागाच्या पोटाखाली गेले, तेव्हा क्ष-किरणांची गरज पडली. सुया टेकवण्यास जागाच उरली नाही, तेव्हा चिपच्या आतूनच जोड तपासण्याची योजना १९९० मध्ये प्रमाणित झाली. तात्पर्य, प्रत्येक नवी पद्धत एका विशिष्ट आंधळेपणावरचा उपाय म्हणून जन्मली. मात्र या सर्व पद्धती जोडाचा आकार किंवा त्या क्षणीची विद्युत्-वाहकता पाहतात. दमट हवेत पुढे काय होईल, हे त्या सांगत नाहीत.

त्यासाठी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अमेरिकी नौदलाच्या इंडियानापोलिस येथील केंद्रात एक सोपी परीक्षा सिद्ध झाली. आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी यांच्या मिश्रणात बोर्ड धुवावयाचा आणि त्या द्रवाचा विद्युत्-रोध किती घटला ते मोजावयाचे. आढळलेले क्षार कोणतेही असोत, त्यांचे माप सोडियम क्लोराइडाच्या तुल्यांशात, म्हणजे मिठाच्या भाषेत, सांगितले जाई. दर चौरस सेंटिमीटरला १.५६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. राळयुक्त फ्लक्स वापरून डाखलेल्या आणि नंतर द्रावकाने धुतलेल्या बोर्डांच्या अनुभवावर ती आधारलेली होती.

हा आधार पुढे नाहीसा झाला. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनला घातक असलेली द्रावके मागे पडली आणि ज्यांचा अवशेष धुवावा लागत नाही असे फ्लक्स रूढ झाले. भाग जवळजवळ आले, जोडांमधील अंतर घटले. आकडा मात्र तोच राहिला. शिवाय ही परीक्षा संपूर्ण पृष्ठभागाची सरासरी देते. एखाद्या चिपखाली साचलेला क्षार त्या सरासरीत लपून जातो. अखेर २०१८ मध्ये डाखकामाच्या आंतरराष्ट्रीय मानकात दुरुस्ती झाली आणि अन्य वस्तुनिष्ठ पुराव्यावाचून केवळ या परीक्षेवर उत्पादन-प्रक्रिया प्रमाणित करणे अमान्य ठरले. तिचा उपयोग नित्य नियंत्रणापुरता उरला. प्रक्रियेची पात्रता ठरविण्यासाठी पृष्ठभागाच्या विद्युत्-रोधनाची परीक्षा पुढे आली. तीत नमुना-बोर्ड सुमारे ४० अंश सेल्सिअस व ९० टक्के आर्द्रतेत, विद्युत्-दाबाखाली, एक आठवडा ठेवतात. आर्द्रतेपुरती ही परिस्थिती कोकणातील पावसाळ्याहून फार निराळी नाही.

मराठीत ‘तपासणी’ आणि ‘परीक्षा’ हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. या क्षेत्रात मात्र त्यांतील भेद राखणे हितावह ठरेल. तपासणी वस्तूची आजची अवस्था पाहते. परीक्षा तिला उद्याच्या अवस्थेत ठेवून पाहते. थंड, कोरड्या गोदामात वापरावयाच्या उपकरणाला कॅमेरा आणि सुयांची गादी कदाचित पुरेल. शिरोड्याच्या किनाऱ्यावरील मासळीच्या शीतगृहात किंवा होडीवर बसणाऱ्या उपकरणासाठी तेवढे पुरेसे नाही. तेथे प्रथम अवशेषाचे व ओलीचे परीक्षण आणि त्यानंतरच बोर्डावर संरक्षक लेप असा क्रम लावावा लागतो. कारण क्षारांश लेपाखाली अडकला, तर ओल आत शिरून तोच लेप फोड धरून सुटू लागतो.

१.५६ या आकड्याचा इतिहास हे सर्व संक्षेपाने सांगतो. ज्या परिस्थितीतून प्रमाण निघाले ती सरली, की प्रमाणाचा अर्थही सरतो. अंक मात्र मागे राहून विश्वास मागत असतो. म्हणून परीक्षापद्धती निवडणाऱ्याने ‘मर्यादा किती?’ या प्रश्नाच्या आधी ‘ती कोणत्या बोर्डासाठी व कोणत्या हवेसाठी ठरली?’ असे विचारावयास हवे.