पोलिओनिर्मूलनांतील अनामिक

लस शोधणाऱ्या साल्क व सेबिन यांचीं नांवें सुशिक्षितांस ठाऊक आहेत, तें योग्यच होय. परंतु लस बालकापर्यंत नेली कोणीं? १९७९ सालीं रोटरीच्या सभासदांनीं फिलिपाइन्समध्यें हें कार्य हातीं घेतलें. १९८८ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें निर्मूलनाचा संकल्प सोडला, तेव्हां वर्षास सुमारें ३,५०,००० मुलें पंगु होत होतीं. पुढें उत्तर प्रदेशांत लसीविषयीं वावड्या उठल्या. तेव्हां स्वयंसेवकांनीं व वस्तींतल्याच स्त्रियांनीं दारोदार जाऊन शंकित मातांची समजूत घातली. २०११ च्या जानेवारींत हावडा जिल्ह्यांतील एक बालिका भारतांतील वन्य पोलिओची शेवटची रोगी ठरली. सरकारी हुकूम जेथें अपुरा पडला, तेथें ओळखीच्या माणसाचा शब्द चालला, हें इतिहासकारांनीं नोंदवून ठेवावें, असें आम्हांस वाटतें.