इंजिन बदलल्यावर डिझेल गाडी सुरू होत नाही? आधी काय तपासावे

जुन्या डिझेल गाडीचे इंजिन कामातून गेले, की नवी गाडी घेण्यापेक्षा दुसरे वापरलेले इंजिन टाकणे स्वस्त पडते. अमरावती-अकोला पट्ट्यातल्या गॅरेजांनाही हे काम नवीन नाही. अडचण येते ती पहिल्या सेल्फला. इंजिन फिरते, पण पेटत नाही. मग ‘इंजिनच खराब दिले’ असा वाद सुरू होतो. मात्र इंजिन आधीच्या गाडीत चालू होते याची खात्री असेल, तर पहिला संशय उतरवताना-चढवताना सोडलेल्या जोडण्यांवर घ्यावा.

डिझेल इंजिन पेटते कसे?

यात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापते आणि त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणून तीन गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, योग्य वेळी डिझेल पोहोचणे आणि पुरेसा दाब तयार होणे.

१. इंजिन हळू फिरते का?

आधी बॅटरी पाहा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. बॅटरी चांगली असेल तर अर्थिंग पाहा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे चासिसपासून इंजिनापर्यंत अर्थिंगची जाड पट्टी लागते. ती लावायची राहून जाते किंवा रंगावर घट्ट केली जाते. जंपर केबलने बॅटरीचे निगेटिव्ह टोक थेट इंजिन ब्लॉकला जोडा. इंजिन जोरात फिरले, तर दोष अर्थिंगचा.

२. सायलेन्सर काय सांगतो?

इंजिन नीट फिरत असताना सायलेन्सरमधून धूरच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर असेल, तर डिझेल येते पण पेटत नाही; तेव्हा टायमिंग, हिटर प्लग किंवा दाब तपासावा. काळा धूर आला तर हवेचा मार्ग पाहा. एअर पाइपमध्ये कोंबलेले फडके राहून गेल्याचेही आढळते.

३. डिझेल पोहोचत नसेल तर

लाइनमध्ये हवा शिरली असण्याची शक्यता सर्वाधिक. फिल्टरवरचा हातपंप मारून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. टाकीकडून येणारा आणि परतीचा पाइप उलटे जोडले नाहीत ना, तेही पाहा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज यायला हवा. आवाज नसेल तर त्याची वायर तपासा. अशा गाडीत नोझलचे नट थोडे सैल करून हवा काढता येते.

कॉमन रेल गाडीत मात्र नोझलचे नट सैल करून कधीही सेल्फ मारू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. या गाड्यांना स्कॅनर लावावा. सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर पाहा. दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावला असेल, तर तो तुमची चावी ओळखणार नाही आणि इमोबिलायझर डिझेल बंद ठेवेल.

४. हिटर प्लग आणि टायमिंग

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर असताना हिटर प्लगवर पहिला संशय घेण्याचे कारण नाही. जानेवारीत चिखलदऱ्याच्या पहाटे मात्र तेच निर्णायक ठरू शकतात. पंप किंवा टायमिंग बेल्ट काढला असेल, तर खुणा पुन्हा जुळवा. इंजिन पुन्हा उतरवण्याची गोष्ट कॉम्प्रेशन गेजने दाब मोजल्यानंतरच करावी.

हे टाळा

सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळेल. हिटर प्लगच्या गाडीत ईथरचा स्प्रे मारू नका, स्फोट होऊ शकतो. टायमिंगबद्दल शंका असताना धक्का स्टार्ट करू नका. व्हॉल्व्ह वाकू शकतात.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची माहिती आरटीओला द्यावी लागते. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर विमा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडू शकतात. म्हणून इंजिन घेतानाच नंबर लिहिलेले पक्के बिल घ्या.