नाताळचे भेटकार्ड आणि अजिंठ्याची रेषा

मंडळी, नाताळचे भेटकार्ड डोळ्यांपुढे आणा. बर्फ, टोकदार झाड, लाल डगल्यातला म्हातारा! डिसेंबरात अहमदपूरच्या शिवारात तूर आणि ज्वारी उभी असते, बर्फ कुठला? तरी मुलांना कार्ड काढायला सांगा, ती बर्फच काढतात. असे का व्हावे?

या कार्डाचा जन्म लंडनचा, सन १८४३ चा. हेन्री कोल या गृहस्थांना स्नेह्यांच्या पत्रांना उत्तरे लिहायला सवड नव्हती. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतले आणि सुमारे हजार प्रती छापल्या. मधोमध पेले उंचावणारे कुटुंब. दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे. भोवती वेलींची चौकट. हॉर्सलीने आपल्या लोकांच्या ओळखीचेच चित्र काढले होते, बरं का!

आता आपल्याकडे या. अजिंठा आणि अहमदपूर, दोन्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांच्या नकला करविल्या. त्या कामावर बंगालचे तरुण चित्रकार नंदलाल बोस होते. अंधाऱ्या लेण्यांत बसून त्यांनी ती जुनी रेषा हातात मुरवली आणि पुढे शांतिनिकेतनात विद्यार्थ्यांना दिली.

त्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२ चा, गोव्याचा. त्यांनी मेरीमातेला साडी नेसवली आणि येशूचा जन्म भारतीय घरातला वाटावा असा रंगवला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता. मेरी युरोपीय दिसली पाहिजे, असे मानणाऱ्यांचा रोष झाला. फोन्सेका पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आले, तेथेच चित्रे काढीत राहिले आणि १९६७ साली पुण्यातच वारले. त्यांची पुष्कळ चित्रे आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवली आहेत.

म्हणजे बघा, परक्याचे चित्र उचलले तर शुभेच्छाही उसनीच राहते. आपल्या जुन्या ठेव्यातून घेतले, तर सण कोणाचाही असो, तो आपल्या दारी येतो. फोन्सेकांनी एवढ्यासाठी आपले गाव सोडले.

गुरुजनहो, मुलांना एवढेच सांगा: घरातली जुनी दिनदर्शिका, आजीच्या रांगोळीतली वेल, अजिंठ्याच्या छापील चित्रातले कमळ यांतून काहीतरी निवडा. कार्डशीटचा तुकडा दुमडा आणि त्यावर ते उतरवा. ग्रंथालयाच्या पुस्तकाला मात्र कात्री लावू देऊ नका! आत दोन ओळी आपल्या बोलीत लिहायला लावा. नाताळ असेल तर ते कार्ड गावातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याला द्या. दिवाळीला, ईदला आणि संक्रांतीलाही हाच पाठ चालेल.