सात शिरांचा भेंडा, खाचांचा टोमॅटो

चतुर्थीच्या तोंडावर गोव्यात म्हापशाच्या बाजारात पावसाळी भाजी उतरते, तिच्यात लांब, फिकट हिरवे, सात शिरांचे भेंडे असतात. बाजारी भेंडीला शिरा पाचच. या दोन जादा शिरा आल्या कुठून? माग लागला तो टोमॅटोत.

शीर म्हणजे आतल्या बियांच्या एका कप्प्याची पाठ. रानटी टोमॅटोला कप्पे दोन. खाचाखाचांच्या चपट्या टोमॅटोला दहाच्याही वर. भांडण आहे कप्प्यांवरून. 2008 साली कॉर्नेल विद्यापीठाच्या टँक्सलींच्या गटाने ‘याबी’ जनुकावर ठपका ठेवला. पुढे आढळले की गुणसूत्राचा सुमारे 2,94,000 अक्षरांचा तुकडाच उलटा बसलाय. त्याचे एक टोक याबीत, दुसरे ‘क्लॅव्हाटा-3’च्या शेजारी. 2015 मध्ये संशोधक लिपमन यांच्या गटाने खरा गुन्हेगार दाखवला: क्लॅव्हाटा-3. क्लॅव्हाटा शेंड्यातल्या वाढत्या पेशींना आवर घालते. आवर सैल पडला की फूल रुंदावते, कप्पे वाढतात.

इटलीच्या मात्तिओलीने 1544 मध्ये टोमॅटोचे वर्णन चपटा, फाकाफाकांचा असेच केले आहे. म्हणजे हा बदल अमेरिकेतूनच आलेला. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरलेला पहिला टोमॅटोही खाचांचाच असणार, असे मी बेधडक म्हणतो. उत्तरेकडची पेडणे, डिचोली तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती. ती त्यांच्याकडे गेली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पण मूठभर बियांना शापोरा नदी ओलांडायला तह लागत नाही.

भेंड्याकडे वळू. जाणती मंडळी म्हणतात, सात शिरा ही मातीची आणि पावसाची करणी. मला पटत नाही. माती फळ जाड करील, लांब करील. पण कप्पे कळी डोळ्यांना दिसण्याआधीच ठरतात, आणि बी राखून पेरले तरी सात शिरा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या आहेत. माझ्या मते इथेही क्लॅव्हाटाचाच लगाम ढिला आहे. अडचण एकच: भेंडीच्या बहुतेक वाणांत गुणसूत्रे 130च्या आसपास, त्यामुळे एकेका जनुकाच्या अनेक प्रती. एक बिघडली तरी बाकीच्या सावरून घेतात. म्हणून तर शिरा टोमॅटोसारख्या दहा-बारा न होता सातावर थांबल्या असाव्यात.

पडताळा सोपा आहे. सात शिरांच्या भेंड्यावर पाच शिरांच्या ‘परभणी क्रांती’ या वाणाचा पराग घालावा आणि नातवंडांच्या पिढीत शिरा मोजाव्यात.