आश्रयाचे दार

ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांच्या सीमेवर आंडाउ गावाजवळ कालव्यावर एक साधा लाकडी पूल होता. ४ नोव्हेंबर १९५६ रोजी सोविएत रणगाडे बुडापेस्टमधील उठाव चिरडू लागले आणि त्या पुलाला इतिहासात स्थान लाभले. सुमारे ७० हजार माणसे त्यावरून ऑस्ट्रियात उतरली. २१ नोव्हेंबरला पूल उडवून देण्यात आला. तरी लोंढा थांबला नाही. काही महिन्यांत सुमारे २ लाख हंगेरियनांनी मायभूमी सोडली. त्यांपैकी १ लाख ८० हजार ऑस्ट्रियात आले, उरलेले युगोस्लाव्हियात गेले.

ऑस्ट्रियातून परकीय सैन्य जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. एवढा भार त्या लहान देशाला एकट्याने पेलणारा नव्हता. येथे एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. निर्वासित स्वतः सीमेवर येऊन मागतो, तो आश्रय. दूरचा देश त्याला निवडून आपल्याकडे नेतो, ते पुनर्वसन. पहिल्याचे ओझे शेजाऱ्यावर पडते. दुसरे सर्वस्वी दूरस्थांच्या इच्छेवर अवलंबून असते.

ती इच्छा त्या वेळी प्रकट झाली. तीसहून अधिक देशांनी हंगेरियनांना वाटून घेतले. अमेरिका व कॅनडा यांनी प्रत्येकी ३५ हजारांहून अधिक लोक नेले. सोप्रोनच्या वनविद्या शाळेतील सुमारे २०० विद्यार्थी प्राध्यापकांसह ब्रिटिश कोलंबियात गेले व तेथे त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. १९५१ च्या करारातील व्याख्या १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरतीच होती. तेव्हा या पलायनाचे मूळ त्याआधीच्या सत्तांतरात आहे, असा अर्थ लावून कायद्याची अडचण दूर करण्यात आली. ती कालमर्यादा पुढे १९६७ मध्ये उठली.

अवघ्या अठरा वर्षांपूर्वी, जुलै १९३८ मध्ये, फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जर्मनी व ऑस्ट्रियातील ज्यूंचा विचार करण्यासाठी जमले होते. सहानुभूतीची भाषणे झाली. परंतु मोठ्या संख्येने लोकांना घेण्याची तयारी एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने दर्शविली. त्या ज्यूंचे संकट लहान नव्हते. मात्र १९३८ साली मंदी व बेकारी होती, ज्यूद्वेषही होता. १९५६ साली कारखान्यांना कामगार हवे होते, आणि साम्यवादातून निसटलेला तरुण हा पाश्चात्त्यांच्या राजकीय विजयाचा जिवंत पुरावा होता.

हाच चढउतार पुढेही दिसतो. अमेरिकेने १९८० मध्ये २ लाखांहून अधिक निर्वासित वसविले, २०२१ मध्ये सुमारे ११ हजार, तर २०२४ मध्ये सुमारे १ लाख. जर्मनीत २०१६ साली आश्रयाचे ७ लाखांहून अधिक अर्ज आले; त्याच वर्षी मार्चमध्ये युरोपीय संघाने तुर्कस्तानशी समझोता करून ग्रीसची वाट आवळली.

पळणाऱ्याचे पाऊल संकट ठरविते. दाराची रुंदी मात्र घरमालकाचे मन ठरविते. म्हणून पुनर्वसनाचे आकडे वाचताना जगातील दुःख किती वाढले वा घटले, एवढेच पाहून चालत नाही. त्या वर्षी आतल्या माणसांना कशाची गरज होती आणि कशाची भीती, हेही ते आकडे सांगत असतात.