समुद्रकाठचे गायरान : सेंट अँड्र्यूजची कथा

आठवड्याची कामे आटोपावी, शुक्रवारी सायंकाळी लहानशी बॅग भरावी आणि शनिवार-रविवारचे दोन दिवस समुद्राच्या वाऱ्यावर घालवावे, हा बेत शहरात राहणाऱ्या माणसाला कोणत्याही देशात मोह पाडणारा आहे. स्कॉटलंडात असा बेत करणारा मनुष्य गोल्फचा शौकीन असला, तर त्याच्या तोंडी पहिले नाव बहुधा सेंट अँड्र्यूजचे येते. एडिंबरोहून आगगाडीने सुमारे एका तासात ल्यूकर्स स्टेशन गाठावे, तेथून बसने दहा-पंधरा मिनिटांत गावात उतरावे, इतका हा प्रवास सोपा आहे. जून महिन्यात तेथे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो. तेव्हा खेळावयास वेळही भरपूर. परंतु या सोप्या बेतात एक मोठी अडचण आहे. ज्या मैदानावर खेळण्यासाठी जगाच्या चारी कोपऱ्यांतून लोक येतात, ते 'ओल्ड कोर्स' रविवारी बंद असते. मोठ्या सामन्यांचे मोजके दिवस वगळले, तर रविवारी तेथे चेंडू उडत नाही. त्या दिवशी गावातील बायामाणसे मुलांना घेऊन हिरवळीवर फिरतात आणि कुत्री मोकळेपणी धावतात. दूर देशाहून आलेला, खिशात पैसा असलेला पाहुणा तेवढा काठ्या पिशवीत घालून उभा राहतो. असे का व्हावे, याचा उलगडा करू गेल्यास साडेचारशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास धुंडाळावा लागतो. कारण प्रश्न खेळाचा दिसला तरी मुळात तो जमिनीच्या हक्काचा आहे.

प्रथम ही जमीन कशी आहे ते पाहू. समुद्र मागे हटल्यावर जी रेताड, उंचसखल पट्टी उरते तिला स्कॉटलंडात 'लिंक्स' म्हणतात. तीत नांगर चालत नाही, पीक येत नाही. वाऱ्याने वाळूचे ढिगारे होतात, त्यांवर आखूड, चिवट गवत उगवते. मेंढ्या व ससे ते कुरतडून गालिच्यासारखे सारखे करतात. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी ज्या खळग्यांत बसत, तेच झिजून वाळूचे खड्डे झाले, असे मानले जाते. खेळाडू आज त्यांना 'बंकर' म्हणून भितात. शेतकऱ्याला निरुपयोगी असलेली ही जमीन गावाने सर्वांसाठी राखली होती. आपल्याकडील गायरानच ते. गुरे चारावी, गवताचे ढेकळ काढावे, कपडे वाळत घालावे, ससे पकडावे आणि फावल्या वेळी काठीने चेंडू टोलवीत गलीत घालावा, असे तिचे नाना उपयोग होते.

या खेळावर राज्यकर्त्यांची प्रथम वक्रदृष्टी होती. इ. स. १४५७ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्या पार्लमेंटने फुटबॉल व गोल्फ या दोहोंस बंदी केली. कारण तरुण मंडळी खेळात रमून धनुर्विद्येचा सराव सोडू लागली होती आणि सरहद्दीवर इंग्रजांचे भय होते. १४७१ व १४९१ मध्ये ही बंदी पुन्हा जाहीर करावी लागली. यावरून प्रजेने ती कितपत मानली हे सहज ध्यानात येईल. मौज अशी की, पुढे १५०२ मध्ये राजा चौथा जेम्स यानेच पर्थ येथील एका धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या हिशेबवहीत आढळते. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १५५२ मध्ये, सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एक सनद केली. लिंक्सवर ससे पाळण्याचा अधिकार आर्चबिशपांना मिळावा, पण गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी वगैरे खेळ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहावा, असा तिचा आशय. पुढील सर्व भांडणांत गावाची भिस्त याच कागदावर होती.

हे गाव मुळात तीर्थक्षेत्र होय. संत अँड्र्यू यांच्या अस्थी येथे आहेत या श्रद्धेने यात्रेकरूंची रीघ लागे. येथील भव्य कॅथीड्रल १३१८ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूस याच्या उपस्थितीत समर्पित झाले. विद्यापीठ १४१३ चे, म्हणजे स्कॉटलंडातील सर्वांत जुने. पण १५५९ मध्ये जॉन नॉक्स यांच्या प्रवचनांनी पेटलेल्या जमावाने कॅथीड्रल लुटले व त्याची नासधूस केली. देवस्थान गेले, यात्रा थांबली, आणि यात्रेवर जगणाऱ्या गावाला उतरती कळा लागली. डॉ. जॉन्सन १७७३ मध्ये येथे आले तेव्हा ओस पडत चाललेल्या या नगरीची खिन्नता त्यांच्याही नजरेतून सुटली नाही.

या पडत्या काळातही लिंक्सवरचा खेळ चालूच होता. १७५४ मध्ये बावीस सरदार व प्रतिष्ठित गृहस्थांनी मिळून खेळाडूंची एक मंडळी स्थापन केली. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्या आश्रयाने तिला 'रॉयल अँड एन्शंट' हे नाव मिळाले. त्या काळी खेळाडू अकरा गली खेळत दूर टोकास जात व त्यांतील बहुतेकांवरूनच परत येत; एका फेरीत बावीस गली होत. १७६४ मध्ये पहिल्या चार आखूड गलींच्या दोन करण्यात आल्या आणि जाऊन-येऊन अठरा भरल्या. जगभर आज गोल्फच्या एका फेरीत ज्या अठरा गली मोजतात, त्या या योगायोगातून आलेल्या आहेत.

यानंतरचा प्रसंग मोठा बिकट आहे. कर्जात बुडालेल्या नगरमंडळाने १७९७ मध्ये लिंक्स खासगी व्यक्तींना देऊन टाकली. लवकरच ती डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांचे मांस व कातडे यांना चांगला भाव असल्यामुळे त्यांनी तेथे सशांची पैदास सुरू केली. बघता बघता मैदानाची चाळण झाली. चेंडू गलीत जाण्याऐवजी सशाच्या बिळात जाऊ लागला. खेळाडू व गावकरी खवळले. ज्या नगरमंडळाने जमीन राखावयाची तेच ती विकून बसले होते. तेव्हा दाद मागावयाची ती न्यायालयात. १५५२ च्या सनदेचा आधार पुढे आला, खटले वर्षानुवर्षे चालले, आणि मैदानावर ससे मारणारे गावकरी व ते राखणारे व्यापारी यांच्यात झटापटीही झाल्या. हा वाद सुमारे वीस वर्षे चालला. अखेर १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी लिंक्स विकत घेऊन खेळासाठी मोकळी केली. ते स्वतः गोल्फचे भोक्ते होते, म्हणून मैदान वाचले. परंतु एका धनिकाच्या मर्जीवर वाचलेली वस्तू दुसऱ्याच्या मर्जीने जाऊ शकते, ही टांगती तलवार राहिलीच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन गोष्टींनी गावाचे नशीब पालटले. पहिली चेंडूची. तोवर चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून भरलेली असत. कुशल कारागीरही दिवसातून तीन-चारच करू शके, त्यामुळे तो महाग पडे. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकाचा, 'गटापर्चा'चा, चेंडू आला. पूर्वेकडून आलेल्या एका विष्णुमूर्तीभोवती हा चीक वेष्टण म्हणून घातला होता आणि त्यातून ही कल्पना निघाली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, स्वस्त चेंडूने सामान्य माणसाला हा खेळ परवडू लागला हे मात्र खरे. दुसरी गोष्ट आगगाडीची. १८५२ मध्ये ल्यूकर्सहून गावापर्यंत फाटा आला आणि सुटीचे पाहुणे येऊ लागले. देवाची यात्रा थांबलेल्या गावात खेळाची यात्रा भरू लागली. हा फाटा १९६९ मध्ये बंद झाला; म्हणूनच आजच्या प्रवाशास ल्यूकर्सला उतरावे लागते. याच गावी जन्मलेले टॉम मॉरिस (१८२१–१९०८) हे या यात्रेचे जणू पुजारी. चेंडू करणाऱ्याचा हा शागीर्द चार वेळा ओपन स्पर्धा जिंकला आणि पुढे अनेक वर्षे या मैदानाचा राखणदार झाला. रविवारी जमिनीला विसावा मिळालाच पाहिजे, याविषयी त्यांचा कटाक्ष असे.

मैदानाची कीर्ती वाढली तशी मालकीची निकड वाढली. चीप घराण्याकडून जमीन घेण्यास क्लबही उत्सुक होता व गावही. हा तिढा १८९४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून सोडविला. मालकी गावाची ठरली. क्लबाने स्वखर्चाने दुसरे मैदान तयार करावे असे ठरून १८९५ मध्ये 'न्यू कोर्स' खुले झाले. विकलेले गायरान सत्त्याण्णव वर्षांनी गावाकडे परत आले. १९७४ पासून एक सार्वजनिक न्यास त्याची व्यवस्था पाहतो. गोल्फचे नियम जेथून जगभर गेले, त्या क्लबाची दगडी इमारत पहिल्या गलीच्या पाठीशी डौलात उभी आहे. पण समोरच्या मैदानाची मालकी तिच्याकडे नाही. मुंबईच्या जुन्या खेळाडूंनी त्या काळी भेट दिलेले 'बाँबे मेडल' या क्लबाच्या बक्षिसांत आहे, ही आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

हा इतिहास ध्यानात घेऊन दोन दिवसांचा बेत आखला, तर निराशा पदरी येत नाही. ओल्ड कोर्सवर शनिवारी खेळावयाचे तर दोन दिवस आधी, गुरुवारी, निघणाऱ्या सोडतीत नाव घालता येते. या चिठ्ठीत श्रीमंत-गरीब असा भेद नाही. नाव निघाले तर खेळावे, न निघाले तर न्यास पाहत असलेली आणखी सहा मैदाने आहेतच. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन जोडीने वापरले जातात, आणि एका ग्रीनवरील दोन गलींच्या क्रमांकांची बेरीज अठराच भरते; जाण्या-येण्याच्या जुन्या एकेरी वाटेची ही खूण. ज्याला काठी धरणेही ठाऊक नाही, त्याने जवळच्या 'हिमालय' नावाच्या उंचवट्यांच्या हिरवळीवर थोडक्या पैशांत चेंडू ढकलण्याची हौस भागवावी. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मंडळाची ती जागा. रविवारी सकाळी काठ्या खोलीत ठेवून ओल्ड कोर्सवरून चालावे, स्विल्कन ओढ्यावरचा चिमुकला दगडी पूल ओलांडावा आणि दुपारी कॅथीड्रलच्या भग्न भिंतींकडे वळावे. तेथील स्मशानात टॉम मॉरिस व त्यांचा चोविसाव्या वर्षी, १८७५ च्या नाताळात, निवर्तलेला गुणी मुलगा टॉमी विश्रांती घेत आहेत.

रविवारी खेळावयास न मिळाल्याची रुखरुख अशा फेरफटक्याने बरीच ओसरते. सहा दिवस जगाला दिलेले मैदान सातव्या दिवशी आपल्या मूळ धन्याकडे, म्हणजे गावाकडे, परत जाते. आपल्याकडेही प्रत्येक गावाला कधी काळी गायरान होते, कोठे खेळाचे पटांगण होते. त्यांतली किती उरली याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या गावापुरता करावा. सेंट अँड्र्यूजने आपले गायरान कर्जापायी एकदा घालविले. ते परत मिळाले ते मात्र एका जुन्या सनदेची आठवण चार पिढ्यांनी जागती ठेवली म्हणून.