दुनळीचा वारसा किती जुना?

अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या अनेक घरांत पार्कर, फॉक्स किंवा एल. सी. स्मिथ कंपनीची दुनळी बंदूक आजोबांकडून नातवाकडे येते. तिच्याबरोबर शिकारी कुत्रा, ऑक्टोबरातले रान आणि मोजकेच पक्षी मारण्याचा शिरस्ताही येतो. ही रीत वसाहतींच्या काळापासून चालत आली असे मानले जाते. मला मात्र ती बरीच अलीकडची वाटते: जुनी शिकार संपली म्हणून ती जन्माला आली.

एकोणिसाव्या शतकात रानपक्षी हा बाजारचा माल होता. प्रेअरीतले पक्षी पिंपांत भरून रेल्वेने शिकागो-न्यूयॉर्कला जात. पूर्व किनाऱ्यावरची हीथ हेन तर 1932 पर्यंत कायमची नाहीशी झाली. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार राज्याबाहेर धाडण्यास बंदी घातली, 1911 मध्ये न्यूयॉर्क राज्याने रानपक्ष्यांची विक्रीच थांबवली. विकता येत नसेल तर ढीगभर मारून करायचे काय? शिकारीचे रानही तसे नवेच. न्यू इंग्लंडची दगडाळ शेते पश्चिमेकडच्या धान्यापुढे टिकली नाहीत, माणसे शेते सोडून गेली, आणि पडीक जमिनीवर उगवलेल्या कोवळ्या झाडीत रफ्ड ग्राउस हा शिकारीचा पक्षी वाढला. आज ‘आदिम’ वाटणाऱ्या त्या रानातून जुन्या बांधांच्या दगडी भिंती धावतात. फेझंट तर परदेशीच. 1880 च्या दशकाच्या आरंभी तो शांघायहून ओरेगॉनला आणून सोडला गेला.

बंदुकीची कथाही याच वळणाची. मेरिडन गावच्या चार्ल्स पार्करचा कारखाना आधी कॉफी दळायची यंत्रे करी. यादवी युद्धात त्याने लष्करी बंदुका केल्या आणि युद्धानंतर तो दुनळीकडे वळला. दोन्ही नळ्यांचा मारा एकाच जागी पडावा अशा त्या जोडणे हे कसबी हातांचे, म्हणून महागडे काम. विंचेस्टरची 1897 ची पंप-बंदूक एकाच नळीतून लागोपाठ पाच-सहा बार काढी, आणि तीही कमी किमतीत. मंदीत, 1934 मध्ये, पार्करचा बंदुकीचा धंदा रेमिंग्टनकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन थांबले. कारखाना चालू असेतो जी बंदूक केवळ हत्यार होती, ती पुढे ठेवा झाली.

यावर मोठा आक्षेप असा की, संयमाचा उपदेश कायद्यांच्या कितीतरी आधीचा आहे. 1873 मध्ये निघालेले ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ नियतकालिक जॉर्ज बर्ड ग्रिनेलच्या संपादनाखाली बाजारी शिकारीवर तुटून पडत होते. हे खरे आहे. पण तो आदर्श मुख्यतः सुखवस्तू शहरी शिकाऱ्यांचा होता आणि त्याचे बरेचसे संस्कार इंग्लंडहून आलेले होते. शेतकऱ्याचा मुलगा बापाकडून नेम धरायला शिकला तो ताटात मांस यावे म्हणून, चार पैसे मिळावेत म्हणून. किती मारले म्हणजे पुरे, हे त्याला मुख्यतः कायद्याने शिकवले. पार्करची साधी, नक्षी नसलेली ट्रोजन बंदूकही आज ठेवा म्हणून जपली जाते, यावरून ही रीत सामान्य घरांत किती खोल गेली ते कळते. ती टिकवण्याचा खर्चही कायद्यानेच ठरवून दिला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या नव्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर बसतो, आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो. आजोबांची पार्कर हाती आली तर तिच्यावर हा कर लागत नाही. तिच्यात भरायच्या काडतुसांच्या किमतीत मात्र तो येतोच.